दहा टक्के

नकाशाच्या प्रती पाच.
प्रमाण एकास पाचशे, उत्तर दिशा वरच्या कोपऱ्यात,
हद्द जाड काळी,
असलेला रस्ता हिरवा, येणारा रस्ता तुटक हिरवा,
पाडायचं ते पिवळ्या तिरप्या रेघांनी.
सातबारा ताजा, मोजणीचा शिक्का वाचता येईल असा,
आणि सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या.
सगळ्या म्हणजे सगळ्या.
इथं निम्मे अर्जदार घसा खाकरतात.

शेळगीचा गट, एक हेक्टर अठ्ठेचाळीस आर.
इरप्पा हत्तरकी, मल्लिनाथ हत्तरकी
माझ्या टेबलापुढं, मधली खुर्ची रिकामी सोडून.
"बेचाळीस प्लॉट बसवा की ओ,
रस्ते जरा बारीक काढा."
नऊ मीटर म्हणजे नऊ मीटर, मी म्हणालो,
बंब वळला पाहिजे, उद्या कुणाची मयत वळली पाहिजे.
"तिरडीला एवढं कशाला लागतंय," मल्लिनाथ म्हणाला,
आणि दोघं भाऊ त्या दिवशी एकदाच हसले.

रेणुका कोंगारी माझ्याकडं कॅड चालवते.
तिचे आजोबा चादरीची नक्षी काढायचे,
आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरत.
हिच्या पडद्यावरही चौकोनच.
दहा टक्के खुली जागा तिनं ओढ्याकडं लोटली,
खडकाळ, तिरक्या, कुणी न घेणाऱ्या तुकड्यावर.
सगळे तिथंच लोटतात.
मीच शिकवलंय तिला.

सहीसाठी अक्कलकोटहून शरणम्मा आली.
शाईचा डबा मी पुढं केला, तिनं पेन मागितलं.
नकाशा उलटा धरला, सुलटा केला,
"लिंब कुठाय ह्यात?"
प्लॉट नंबर सतरा.
"तिथं तम्मा हाय."

दीड वर्षाचा. गोवर.
साल तिघांनी तीन सांगितलं.
बसवून पुरलेला, वर दगड, दगडाजवळ आपोआप उगवलेला लिंब.
नाव ठेवलेलं, पण सातबाऱ्यावर चढलं नाही,
वारस व्हायच्या आतच गेला.
मल्लिनाथनं उठून पंखा वाढवला.
इरप्पा त्या पंख्याकडंच बघत राहिला.

मी सूची काढली.
विहिरीला चिन्ह आहे, विजेच्या खांबाला आहे,
नाल्याला, गटाराच्या झाकणाला सुद्धा.
एकतीस वर्षं मी ही सूची नकाशांच्या कडेला चिकटवतोय.

शरणम्मानं हिस्सा मागितला नाही.
मागता आला असता,
कायदा तिच्या बाजूचा, हे मला माहीत होतं,
आणि मी नकाशाची घडी करत बसलो.
तिनं लिंबाभोवती फक्त बोट फिरवलं,
"एवढं मोकळं सोडा."

बोटभर गोल, एकास पाचशे.

रात्री रेणुकानं खुली जागा उचलून मध्ये आणली.
दोन प्लॉट गेले, तेही रस्त्यालगतचे.
इरप्पानं मोबाइलवर हिशेब केला,
पुसला, परत केला, तिसऱ्यांदा केला.
"अण्णा, ऱ्हाऊ दे," मल्लिनाथ.
चाळीस.

इंद्रभुवनात म्हेत्रे बाईंनी चष्मा वर सारला,
"खुली जागा मध्ये? बरे आहात ना?"
सगळं तपासलं, छाननी शुल्काचं चलन, हमीपत्र,
आणि त्रुटी काढली एकच:
झाडाचा घेर नमूद नाही.

भर एप्रिलात दुपारी टेप घेऊन गेलो.
दुसरं टोक शरणम्मानं धरलं,
खोडाला वळसा घालून माझ्या हातात दिलं.
दोन मीटर दहा.
वहीत लिहिलं, टेप गुंडाळायला लागलो
तर तिनं टोक सोडलंच नाही.
वाकली, दगडावरची पानं पदरानं झाडली.
मग दगडाचंही घेतलं.
लांबी सव्वा फूट, रुंदी एक.

परवानगी आली जूनमध्ये.
दगडाचं माप कुठल्या रकान्यात बसलं नाही,
माझ्या पाकिटात आहे अजून,
चलनाच्या पावतीमागं, पेन्सिलीनं.